हृदय थकलं खरं, पण कशामुळे? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात हार्ट फेल्युअरवर, म्हणजे हृदय शरीराला पुरेल इतकं रक्त पुढे ढकलू शकत नाही त्या त्रासावर लिहिलं होतं, त्यात एक वाक्य असं होतं की पायाची सूज उतरली आणि दम कमी झाला म्हणजे काम संपलं असं नाही, हृदयाचा स्नायू मुळात कशामुळे बिघडला ते शोधायचं राहतंच. त्या एका वाक्यावर नाशिकरोडपासून निफाड-दिंडोरीपर्यंतची इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. नावं गाळली आहेत, रिपोर्टमधले आकडे मात्र पत्रात होते तसेच ठेवलेत कारण उत्तर त्यांच्यावरच ठरतं. आणि हे वाचून कोणीही स्वतःच्या गोळ्या मनाने कमीजास्त करू नका, ही अगदी मनापासून विनंती.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझे वडील ७४ वर्षांचे, प्रेसमधून रिटायर झालेत. आठ महिन्यांत दोनदा ॲडमिट केलं, पाय सुजतात, रात्री उशीवर उशी लावून बसूनच झोपतात. ॲन्जिओग्राफी झाली, ब्लॉकेज नाही. इकोत ईएफ ५५ टक्के आणि भिंत १५ मिलिमीटर लिहिलंय. डॉक्टर म्हणाले पंपिंग चांगलं आहे, वयामुळे आणि जुन्या बीपीमुळे हार्ट जाड झालंय. पण वीस वर्षं जास्त असलेलं त्यांचं बीपी आता १०० च्या आसपास असतं, गोळ्या एकेक करत बंद कराव्या लागल्या, उभं राहिलं की चक्कर येते. पंपिंग चांगलं आहे तर मग हा दम कसला? अजून एक, संबंध असेल नसेल माहीत नाही, सहा वर्षांपूर्वी मुंग्या यायच्या म्हणून दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालंय. – एक मुलगी, नाशिकरोड

उत्तर: ताई, 'संबंध असेल नसेल' म्हणून तुम्ही जे शेवटी लिहिलंत ना, तेच या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. सत्तरी पार केलेला पुरुष, भिंत जाड, ईएफ चांगला तरी हार्ट फेल्युअर, वाढलेलं बीपी आपोआप उतरलेलं आणि दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं ऑपरेशन, हे सगळं एकाच माणसात दिसलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते कार्डियाक ॲमिलॉइडोसिस, म्हणजे चुकीचं दुमडलेलं प्रोटीन (त्यालाच ॲमिलॉइड म्हणतात) हृदयाच्या भिंतीत साचणं. निदान झालं असं मी म्हणत नाहीये, पत्रावरून ते होतही नाही, पण ही तपासणी व्हायलाच हवी, आणि 'वय झालं' एवढ्यावर फाइल मिटवायला माझा ठाम विरोध आहे.

आधी पंपिंगचं. ईएफ म्हणजे प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा. पण कप्प्यात मुळात किती रक्त भरलं होतं ते त्यात कळत नाही. भिंत कडक झाली की कप्पा सैल सुटत नाही, भरायलाच कमी भरतो, आणि कमी भरलेल्यातलं ५५ टक्के म्हणजे शरीराला जाणारं रक्त थोडंच, उलट मागे दाब वाढून फुप्फुसात आणि पायात पाणी साचतं. हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या पेशंटचा ईएफ असा चांगलाच असतो, त्यामुळे तो आकडा ऐकून निर्धास्त होऊ नका.

आता भिंत कडक का होते ते. आपल्या लिव्हरमध्ये ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रोटीन बनतं, थायरॉइडचं हार्मोन आणि व्हिटॅमिन ए रक्तातून वाहून नेणं हे त्याचं काम. चार तुकडे एकत्र येऊन त्याचा एक रेणू होतो. उतारवयात काहीजणांत, बहुतेक पुरुषांत, हे तुकडे सुटे होतात, चुकीचे दुमडतात आणि बारीक तंतू होऊन हृदयाच्या पेशींच्या मधल्या जागेत साचत जातात. लुगड्याला दाट खळ दिली की ते जसं जाड आणि ताठ होतं तसं इथे होतं, भिंत जाड दिसते पण स्नायू वाढलेला नसतो, मध्ये भलतंच काहीतरी भरलेलं असतं. म्हणून बीपीमुळे जाड झालेल्या हृदयाचा ईसीजी बऱ्याचदा उंच रेघांचा येतो आणि इथे इकोत भिंत जाड पण ईसीजीत रेघा बुटक्या असं उलटं चित्र दिसू शकतं, कधी तर जुना अटॅक येऊन गेल्यासारखा ईसीजी येतो आणि ॲन्जिओग्राफी स्वच्छ निघते. अर्थात बऱ्याच पेशंटच्या रेघा बुटक्या नसतातही, तेवढ्यावरून संशय सोडायचा नाही.

मनगटाचा संबंध असा की हेच तंतू मनगटातही साचतात, तिथली नस दाबली जाते आणि मुंग्या येतात, आणि हे हृदयाच्या त्रासाच्या पाच-दहा वर्षं आधीही होऊ शकतं. दंडाच्या बेटकुळीचा टेंडन विशेष जोर न लावता तुटणं, कमरेत मणक्याची नळी अरुंद होऊन चालताना पाय भरून येणं, हीसुद्धा याच आजाराची आधीची पावलं असू शकतात. पण होतं काय, हाताची फाइल हाडांच्या डॉक्टरकडे, मुंग्यांची न्यूरोकडे, दमाची हार्टवाल्यांकडे, तिन्ही घरात तीन वेगळ्या पिशव्यांत आणि एका टेबलावर त्या कधी येतच नाहीत, याची मला खरंच फार हळहळ वाटते कारण निदानाला लागणारं निम्मं सामान घरातच पडून असतं.

बीपी उतरलं ते बरं झालं म्हणून नाही. ठोक्यामागे बाहेर पडणारं रक्त कमी झालंय, शिवाय बीपी सांभाळणाऱ्या मज्जातंतूंमध्येही हे प्रोटीन साचू शकतं म्हणून उभं राहिल्यावर चक्कर. अशा हृदयाला गरज भागवायला ठोक्यांचा वेगच हाताशी उरतो, त्यामुळे ठोके कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या या पेशंटना बऱ्याचदा सोसत नाहीत, आणि जी गोळी इतरांना चालते ती आपल्या माणसाला अजिबात सोसली नाही हीसुद्धा डॉक्टरांना सांगण्यासारखी खूण आहे.

हा आजार फार दुर्मीळ म्हणून सोडून देण्याचे दिवस गेले. स्पेनमध्ये ६० च्या पुढच्या, ईएफ चांगला असलेल्या पण भिंत १२ मिलिमीटर किंवा जास्त असलेल्या १२० हार्ट फेल्युअर पेशंटची तपासणी केली, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात सुमारे १३ टक्क्यांमध्ये ट्रान्सथायरेटिनचा आजार निघाला. तुमच्या वडिलांची भिंत १५ आहे.

तर पुढे काय करायचं. इको पुन्हा करा पण या वेळी 'स्ट्रेन' काढून घ्या. त्यात हृदयाचा गोल नकाशा येतो, ॲमिलॉइडमध्ये टोकाचा भाग चांगला हलतो आणि वरचा भाग मंद, म्हणून नकाशात मध्ये लाल आणि कडेने फिकट असं दिसतं. त्याच आठवड्यात रक्त-लघवीच्या तीन तपासण्या, सीरम फ्री लाइट चेन, रक्ताचं इम्युनोफिक्सेशन आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन, ॲमिलॉइडचा दुसरा प्रकार नाही ना ते बघायला (त्याबद्दल पुढच्या उत्तरात). नुसतं इलेक्ट्रोफोरेसिस पुरत नाही, त्यात थोडं प्रमाण निसटतं, लॅबवाला 'तेच आहे' म्हणाला तरी तीनही नावं चिठ्ठीवर लिहून न्या. आणि मग पीवायपी स्कॅन. हे टेक्नेशियम पायरोफॉस्फेट, मुळात हाडांच्या स्कॅनचं औषध, पण ट्रान्सथायरेटिन साचलेल्या हृदयात ते जाऊन बसतं. हाताच्या शिरेत इंजेक्शन, एक ते तीन तासांनी फोटो, भूल नाही, संध्याकाळी घरी. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, साठवून ठेवता येत नाही, म्हणून सेंटरवाले ठरावीक दिवशी पेशंट गोळा करून बोलावतात. तेव्हा मुंबईला जायचं ठरलं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडण्याआधी फोन करून 'हृदयाचा पायरोफॉस्फेट स्कॅन, स्पेक्टसह' (स्पेक्ट म्हणजे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो) होतो का ते विचारूनच निघा, ७४ वर्षांच्या माणसाला हेलपाटा नको.

आणि निदान झालंच तर उपयोग काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण घरात कोणीतरी विचारणारच. टॅफॅमिडिस नावाची गोळी आहे, ती त्या चार तुकड्यांना एकत्र धरून ठेवते. २०१८ मध्ये ४४१ पेशंटची चाचणी प्रसिद्ध झाली, अडीच वर्षांत गोळी न मिळालेल्यांपैकी ४२.९ टक्के दगावले आणि मिळालेल्यांपैकी २९.५ टक्के. साचलेलं ती धुऊन काढत नाही, पुढे साचणं मंद करते, आणि फरक दिसायला दीडेक वर्ष लागलं, म्हणूनच निदान जितकं लवकर तितका फायदा. त्यानंतर ॲकोरामिडिस आलं, लिव्हरमध्ये ते प्रोटीन बनणंच कमी करणारी व्हुट्रिसिरान आली. औषधं महाग आहेत हे लपवण्यात अर्थ नाही, खर्चाचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पण औषध परवडलं नाही तरी निदान वाया जात नाही, कोणत्या गोळ्या टाळायच्या, पाणी काढणारी गोळी किती द्यायची, ठोका अनियमित झाला तर रक्त पातळ करायची गोळी का चुकवायची नाही, हे सगळं त्यावरून बदलतं.

प्रश्न: सासऱ्यांचा पीवायपी स्कॅन मुंबईला झाला, ग्रेड २ आला. आता बायोप्सी नको, सरळ गोळी सुरू करा असं आम्हाला सांगितलं गेलं. रक्ताच्या तपासण्या राहिल्यात, त्या नंतर केल्या तर चालेल का? – सिन्नर

उत्तर: नाही चालणार, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतो. ॲमिलॉइडचा दुसरा एक प्रकार आहे, एएल. त्यात दोष लिव्हरच्या प्रोटीनमध्ये नसतो, बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशी बिघडून लाइट चेन नावाचे तुकडे रक्तात सोडत राहतात आणि ते हृदयात, किडनीत, नसांत साचतात. हा प्रकार झपाट्याने वाढतो, हृदय बरंच धरल्यावर उपचार नसतील तर हिशोब महिन्यांचा असतो. त्याचं औषध पूर्ण वेगळं, रक्तविकारतज्ज्ञांकडे डॅराटुमुमॅब, बोर्टेझोमिब अशी केमोथेरपीच्या वळणाची औषधं. आणि अडचण अशी की पीवायपी स्कॅन एएलमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणजे नुसत्या स्कॅनवर विसंबून ट्रान्सथायरेटिनची गोळी सुरू केली आणि आजार एएल निघाला तर हातातला मोलाचा वेळ गेला.

'बायोप्सी नको' हे अर्धं वाक्य आहे. २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांनी मिळून जे काम प्रसिद्ध केलं त्यात ठरलं ते असं की स्कॅन ग्रेड २ किंवा ३, म्हणजे औषध हृदयात ठळक दिसलेलं, आणि सोबत रक्त-लघवीच्या त्या तीनही तपासण्या स्वच्छ, तरच बायोप्सीशिवाय निदान पक्कं धरायचं. तपासणीत काही निघालं तर पोटाची चरबी, बोन मॅरो किंवा हृदयाचाच छोटा तुकडा घेऊन काँगो रेड रंग लावून बघावं लागतं आणि साचलेलं प्रोटीन कोणतं ते नक्की करावं लागतं. किडनी कमजोर असली तर लाइट चेनचं प्रमाण थोडं बदललेलं येतं, तेव्हा तो रिपोर्ट घरी गुगलवर न लावता रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. सासऱ्यांची जीभ जाड झालीये का, डोळ्यांभोवती उगाच काळेनिळे डाग येतात का, लघवीला फेस येतो का, एवढं आजच बघा, यातलं काही असेल तर तपासणी या आठवड्यातच.

स्कॅनच्या रिपोर्टवर 'स्पेक्ट' केलंय का तेही बघा. नुसत्या सपाट फोटोत कप्प्यातलं रक्तच उजळ दिसून स्कॅन पॉझिटिव्ह वाटू शकतो, स्पेक्टमध्ये औषध भिंतीत आहे की रक्तात ते कळतं. आणि शेवटी ट्रान्सथायरेटिनच ठरलं तर जीन टेस्ट कराच, वयामुळे झालं की घराण्यातून आलं ते त्यात कळतं, घराण्यातलं निघालं तर तुमच्या मिस्टरांचा आणि नणंदांचाही प्रश्न येतो.

प्रश्न: माझा भाऊ ३१ वर्षांचा, मागच्या सीझनला द्राक्षाचे क्रेट गाडीत चढवताना कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. आधी फवारणीच्या औषधाचा संशय होता म्हणून पोस्टमॉर्टेम झालं, विष निघालं नाही. सगळे म्हणतात अटॅक आला. कागदावर हृदयाचं वजन ५२० ग्रॅम आणि डाव्या बाजूची भिंत २४ मिमी, नसा मोकळ्या, असं आहे. आमचे चुलते पण पन्नाशीत पाणी भरून भरून गेले. मी २८ ची, मला सहा वर्षांचा मुलगा आहे, मला काही त्रास नाही. माझी तपासणी करावी का? आई म्हणते उगाच विषय काढू नको. – निफाड तालुका

उत्तर: बहिणी, तुमच्या घरावर जे कोसळलं त्याला शब्द नाहीत. आईंचं म्हणणंही समजतं. पण तपासणी करा, नक्की करा, आणि पुढच्या महिन्यात नाही, या महिन्यात.

तुम्ही पाठवलेल्या त्या कागदात बरंच काही आहे. मोठ्या पुरुषाचं हृदय साधारण ३०० ते ३५० ग्रॅमचं, भिंत १२ मिलिमीटरच्या आत. इथे वजन ५२० आणि भिंत २४, शिवाय हृदयाला रक्त देणाऱ्या नसा मोकळ्या. म्हणजे नस बंद होऊन येतो तो अटॅक हा नव्हे, हे चित्र हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचं असण्याची दाट शक्यता आहे, त्यात हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होत जातो आणि अंगमेहनतीच्या वेळी ठोका एकदम बिघडू शकतो. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो आणि अनेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. चुलत्यांचं पन्नाशीत पाणी भरणं हेही त्याच स्नायूच्या आजाराचं दुसरं टोक असू शकतं, भाऊ अचानक गेला आणि चुलते हळूहळू, म्हणून घरात कोणाच्या मनात या दोन गोष्टी एकत्र आल्या नाहीत.

दोष एका पिढीतून पुढच्या पिढीत जायची शक्यता निम्मी असते. म्हणून आई, वडील, तुम्ही आणि असतील ते सगळे सख्खे भाऊबहीण यांचा ईसीजी आणि इको. त्रास नाही म्हणून तपासणी नको हे इथे लागू होत नाही, भावालाही त्रास नव्हताच. आणि आज नॉर्मल आलं म्हणजे कायमची सुटका असंही नाही, कारण भिंत वयानुसार जाड होते, मोठ्या माणसांनी दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा बघायचं, मुलांचं दर एक-दोन वर्षांनी. तुमच्या मुलाचं तुमच्या रिपोर्टवरून ठरवू, पण त्याला पळताना चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं तर वाट बघायची नाही.

जीन टेस्टबद्दल एक बारीक गोष्ट. ती आधी आजारी माणसाची करायची असते. भावाचा नमुना उरलाय का ते विचारा, पोस्टमॉर्टेमच्या वेळी हृदयाचा तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट वेगळा असतो आणि तो पोलीस स्टेशन किंवा जिल्हा रुग्णालयातून मागावा लागतो, अर्ज करा. भावाचा दोष माहीत नसताना फक्त तुमची टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, ही गोष्ट न सांगता पॅकेज विकणारे आहेत म्हणून लिहिलं. आपल्याकडचं एक विशेष सांगतो. एमवायबीपीसी३ नावाच्या जीनमधली २५ अक्षरं गळालेली असा एक बदल दक्षिण आशियातल्या साधारण ४ टक्के लोकांत आहे, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतरांसोबत २००९ मध्ये ते दाखवलं. तो बदल असलेल्यांना वय वाढेल तसा स्नायूच्या आजाराचा धोका जास्त, पण नुसता बदल असणं म्हणजे आजार नव्हे, तेव्हा रिपोर्टवर ते नाव दिसलं तर घाबरून न जाता जेनेटिक काउन्सिलिंग घ्या.

कोणात आजार निघालाच तर करण्यासारखं खूप आहे, गोळ्या आहेत, धोका जास्त असेल तर आयसीडी नावाचं यंत्र बसवतात जे बिघडलेला ठोका आतूनच शॉक देऊन सुधारतं. आईंना एवढंच सांगा की विषय गेलेल्या भावाचा काढायचा नाहीये, जे घरात आहेत त्यांचा आहे.

प्रश्न: मुलीचं बाळंतपण होऊन सात आठवडे झाले, जुळी आहेत. आडवं झालं की दम लागतो, रात्री खोकला येऊन उठून बसते, पाय सुजलेत. सगळे म्हणतात बाळंतिणीचा अशक्तपणा, डिंकाचे लाडू सुरू आहेत. छातीचं औषध पण झालं दोनदा. – एक आई, दिंडोरी

उत्तर: काकू, हे उत्तर छापून यायची वाट बघण्यासारखं पत्र नव्हतं, म्हणून कार्यालयातून तुम्हाला आधीच फोन गेलाय. इतर घरांसाठी इथे लिहितोय. बाळंतिणीला आडवं झाल्यावर दम लागणं हा अशक्तपणा नाही, असा दम दिसला की त्याच दिवशी इको. गरोदरपणाचा शेवटचा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने या काळात आधी ठणठणीत असलेल्या बाईचं हृदय कमजोर पडू शकतं, ईएफ ४५ च्या खाली जातो, याला पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी म्हणतात. जुळी असताना, गरोदरपणात बीपी वाढलेलं असताना, वय तिशीच्या पुढे असताना शक्यता जास्त. हा आजार लपतो याचं कारण सूज, दमणं, झोप मोडणं हे सगळं बाळंतिणीत असतंच असं घरचे धरून चालतात आणि कधीकधी तपासणारेही. वेळेत ओळखलं तर निम्म्याहून जास्त बायकांचं हृदय पुढच्या काही महिन्यांत बरंचसं सुधारतं, पण पुन्हा दिवस जाणं हृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलल्याशिवाय नको, ईएफ पूर्ण सुधारला असला तरी. बाळांना अंगावर पाजायचं का ते कोणत्या गोळ्या दिल्यात त्यावर आहे, तेही विचारून घ्या.

प्रश्न: मी शिक्षक, वय ४६, देवळालीला राहतो. हार्ट ब्लॉक निघाला म्हणून मागच्या वर्षी पेसमेकर बसवला. आता इकोत ईएफ ४० आलाय. चार वर्षांपूर्वी छातीत गाठी होत्या, टीबी समजून सहा महिने औषध घेतलं होतं, बायोप्सी झाली नव्हती, गाठी कमी झाल्या नाहीत. पेसमेकर असल्यामुळे एमआरआय होत नाही असं कळलं. आता पुढे काय?

उत्तर: सर, ४६ व्या वर्षी ब्लॉक (म्हणजे नसेतलं ब्लॉकेज नव्हे, हृदयाच्या विजेच्या वाटेतला अडथळा) का आला हा प्रश्न पेसमेकरच्या आधी विचारला जायला हवा होता, पण अजून वेळ गेलेली नाही. साठीच्या आतल्या माणसाला कारण नसताना असा ब्लॉक आला, मागोमाग ईएफ उतरला आणि छातीत टीबीच्या औषधाला दाद न देणाऱ्या गाठी, म्हणजे सार्कॉइडोसिस आहे का हे बघावंच लागतं. त्यात शरीरात ठिकठिकाणी सुजेचे बारीक गोळे होतात, फुप्फुसाजवळच्या गाठींत आणि हृदयाच्या विजेच्या वाटेवरही. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीतली गाठ दिसली की पहिलं नाव टीबीचं येणं साहजिक आहे, आणि उलटही होतं, टीबी स्वतःही हृदयाच्या स्नायूत उतरू शकतो. म्हणून गाठीची बायोप्सी आता करून घ्याच. सार्कॉइडचा मुख्य उपचार स्टेरॉइड, आणि टीबी असताना तो लपून राहिला आणि नुसतं स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो, इथे अंदाजावर चालवणं धोक्याचं आहे.

एमआरआयचं म्हणाल तर बरेच नवे पेसमेकर एमआरआय चालणारे असतात, तुम्हाला दिलेल्या कार्डावर मॉडेल लिहिलेलं असतं, ते दाखवून विचारा. नाहीच झालं तर पेट स्कॅन आहे, त्यात किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देऊन ती कुठे साचते ते बघतात. फक्त हृदयाच्या पेट स्कॅनची तयारी वेगळी असते, आदल्या दिवशी भात, पोळी, साखर, फळं, दूध सगळं बंद आणि चरबी-प्रोटीनचं जेवण, मग उपास, नाहीतर निरोगी हृदयच साखर ओढून घेतं आणि स्कॅन वाचता येत नाही. शाकाहारी असाल तर पनीर, लोणी, अंडी चालत असतील तर अंडी, सेंटरकडून लेखी यादी मागून घ्या. आणि मध्ये कधी शुद्ध हरपली किंवा छातीत एकदम धडधड सुरू झाली तर थेट इमर्जन्सी, कारण या आजारात वेगवान ठोक्याचाही धोका असतो आणि साधा पेसमेकर त्याला थांबवत नाही.

प्रश्न: माझा ईएफ दोन वर्षांपूर्वी २५ होता, नसा क्लिअर, दारूमुळे झालं म्हणाले. दारू पूर्ण सोडली, गोळ्या नियमित घेतल्या, आता ईएफ ५२. बरा झालो ना? चार चार गोळ्या कशाला, बंद करतो. – सातपूर

उत्तर: दादा, दारू सोडलीत आणि दोन वर्षं टिकवलीत, हे फार मोठं काम केलंत, त्याचं मनापासून कौतुक. पण गोळ्या बंद करू नका. तुमच्यासारखेच, हृदय मोठं होऊन मग ईएफ सुधारलेले ५१ लोक घेऊन एक चाचणी झाली, २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, त्यात ज्यांच्या गोळ्या हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांचं हृदय सहा महिन्यांत पुन्हा बिघडलं. आकडा सुधारलाय, स्नायू आतून पूर्ण पहिल्यासारखा झालाय असं त्यावरून म्हणता येत नाही. गोळ्यांची संख्या जड जात असेल तर दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या मिळतात का ते डॉक्टरांना विचारा.

आणि 'दारूमुळे' यावर मी एवढ्यात थांबणार नाही. दारू पिणारे खूप असतात, हृदय सगळ्यांचं कमजोर होत नाही, काहीजणांत जीनमधला दोष आधीच असतो आणि दारू त्याला ढकलते. थायरॉइड आणि आयर्न तपासलं होतं का, ठोका त्या वेळी सतत फास्ट होता का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, कोणाला कमी वयात पेसमेकर आहे का, हे आईवडिलांकडे, चुलत-मामे नातेवाइकांकडे विचारून लिहून आणा. हृदयाचा एमआरआय झाला नसेल तर एकदा करून घ्या, स्नायूत व्रण आहेत का ते त्यात कळतं आणि व्रण असतील तर पुढची देखरेख जास्त कडक ठेवावी लागते. पुढचा इको सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच सेंटरवर, आणि जुना रिपोर्ट सोबत नेऊन.